बालकाचे बल आणि क्रीडा : महामारीच्या काळातील पालकांच्या मतांचा विचार

सन २०२० ते २०२२ या कालावधीत लहान बालकांच्या पालकांनी आम्हांस जो प्रश्न सर्वाधिक वेळा विचारला, तो असा : ‘मुलाची प्रतिकारशक्ती वाढण्यासाठी काय द्यावे?’ प्रश्नातील क्रियापद लक्षात घेण्याजोगे आहे. ‘काय द्यावे’ असे सर्वजण विचारीत. ‘काय करू द्यावे’ असे विचारणारे पालक विरळा. बल ही मुखावाटे देण्याची वस्तू असून ती डबीत किंवा बाटलीत मिळते, हे या प्रश्नात गृहीत धरलेले होते. औषधविक्रेते बांधवांना याचा अनुभव आमच्याहून अधिक असेल. मार्च २०२० च्या अखेरीस आयुष मंत्रालयाने स्वास्थ्यरक्षणासाठी ज्या सूचना प्रसृत केल्या, त्यांत च्यवनप्राश होता, हळदीचे दूध होते, तुळस, दालचिनी, मिरे, सुंठ व मनुका यांचा काढा होता. त्याच पत्रकात दररोज किमान अर्धा तास योगासने, प्राणायाम व ध्यान करावे, असेही होते. काढा घरोघरी उकळला. अर्ध्या तासाची सूचना किती घरांनी मनावर घेतली, हे ज्याचे त्याने आठवावे.

एक ते सहा वर्षे वयाच्या बालकांच्या शारीरिक हालचालींविषयी, म्हणजेच क्रीडेविषयी, त्या काळात पालकांची मते काय होती, ती कशातून निर्माण झाली आणि शास्त्राच्या कसोटीवर ती कितपत टिकतात, एवढाच प्रस्तुत लेखाचा विषय आहे. आमचे चिकित्सालय पुण्यात सिंहगड रस्ता परिसरात आहे. बहुमजली सोसायट्या, धायरीसारख्या मूळ गावांतील अंगणाची घरे आणि मधूनमधून बांधकाम मजुरांच्या वस्त्या अशी येथील रचना असल्याने तिन्ही प्रकारचे पालक आमच्याकडे येतात. पुढील विवेचन हे सर्वेक्षण नव्हे. रुग्णपत्रकांतील नोंदी आणि पालकांशी झालेली संभाषणे एवढाच त्याचा आधार आहे.

विषय जुना झाला असे कोणास वाटेल. परंतु जानेवारी २०२५ मध्ये याच परिसरात गियाँ-बारे सिंड्रोमचे रुग्ण मोठ्या संख्येने आढळले. त्या साथीचा संबंध दूषित पाण्याशी जोडला गेला होता; तरीही त्या आठवड्यांत मातांचा पहिला प्रश्न ‘मुलांना खाली खेळायला पाठवायचं बंद करू का?’ हाच असे. पाणी उकळण्याविषयीचा प्रश्न त्यानंतर येई. साथ आली की प्रथम खेळ बंद, हे समीकरण २०२० ने पालकांच्या मनात दृढ केले आहे, आणि पुढील प्रत्येक साथीत ते पुन्हा वर येणार आहे.

पालकांस मिळालेले आदेश

२५ मार्च २०२० पासून देशभर टाळेबंदी लागू झाली. शाळा, बालवाड्या व अंगणवाड्या त्यापूर्वीच बंद झालेल्या होत्या. केंद्र शासनाच्या आदेशांत ६५ वर्षांवरील व्यक्ती, गर्भिणी आणि १० वर्षांखालील बालके यांनी अत्यावश्यक व आरोग्यविषयक कारणांखेरीज घरीच राहावे, असा निर्देश होता. दुसरीकडे महाराष्ट्र शासनाने ‘मिशन बिगिन अगेन’ अंतर्गत ३ जून २०२० पासून मोकळ्या जागी चालणे, धावणे व सायकल चालविणे यांस पहाटे ५ ते सायंकाळी ७ या वेळेत परवानगी दिली आणि मुलांसोबत मोठी व्यक्ती असणे बंधनकारक केले. म्हणजे एका आदेशानुसार मूल घरातच हवे, तर दुसऱ्यानुसार वडिलांचे बोट धरून ते मैदानावर जाऊ शकते. बहुसंख्य पालकांपर्यंत यांतील पहिलेच वाक्य पोहोचले. उरलेले काम सोसायट्यांच्या समित्यांनी केले : गच्चीला कुलूप, घसरगुंडीभोवती दोरी.

राज्यात पहिलीपासूनच्या शाळा सुरू करण्यास १ डिसेंबर २०२१ पासून अनुमती मिळाली. जानेवारी २०२२ मध्ये त्या पुन्हा बंद झाल्या आणि २४ जानेवारीपासून पुन्हा सुरू करण्यास परवानगी मिळाली. २०१८ साली जन्मलेल्या बालकाचे तिसरे व चौथे वर्ष असे गेले. स्पेनमध्ये मार्चच्या मध्यापासून सहा आठवडे बालकांना घराबाहेर पाऊल टाकण्यासही मनाई होती. मात्र २६ एप्रिल २०२० पासून १४ वर्षांखालील मुलांना एका मोठ्या व्यक्तीसोबत, घरापासून एक किलोमीटरच्या आत, दिवसातून एक तास बाहेर नेण्याची स्पष्ट मुभा देण्यात आली. ‘किती वेळ, कोणाबरोबर, कुठपर्यंत’ हे पालकास नेमके सांगणारी ही आज्ञा वैद्यकीय मात्रेसारखी आहे. आपल्याकडे अशी मात्रा पालकांस सांगण्याचे काम चिकित्सकाच्या वाट्यास आले.

पालक काय म्हणत

सर्वांत प्रबळ भावना भयाची होती आणि ती निराधार नव्हती. औपसर्गिक रोग संस्पर्शाने, निःश्वासाने, सहभोजनाने, एकत्र शयन-आसनाने व दुसऱ्याचे वस्त्र वापरल्याने संक्रांत होतात, हे सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात सांगितलेलेच आहे. घरात सासू-सासरे असलेल्या मातेस मुलापेक्षा त्यांची चिंता अधिक असे. ‘याला काही होणार नाही हो, पण हा खालून घेऊन येईल आणि आजोबांना देईल,’ हे वाक्य आम्ही अनेकदा ऐकले. येथे एक भेद करणे आवश्यक होते, तो बहुतेक पालकांनी केला नाही : संसर्ग टाळणे आणि हालचाल टाळणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. गच्चीवर एकटे धावणारे मूल कोणाच्याही निःश्वासाच्या कक्षेत नसते. उलट बंद खोलीत आठ माणसांसमवेत दूरचित्रवाणी पाहत बसलेले मूल असते.

भयाचा एक विशेष प्रकार नोंदवावा लागेल. मूल बाहेर जाण्याचा हट्ट करू लागले की ‘बाहेर कोरोना आहे, तो पकडून नेईल’ असे त्यास सांगण्याची रीत सर्व वस्त्यांत रूढ झाली होती. आचार्य चरकांनी शारीरस्थानात, बालक रडत असता किंवा जेवत नसता त्यास राक्षस, पिशाच, पूतना इत्यादींची नावे घेऊन भिववू नये, असा स्पष्ट निषेध केलेला आहे. नाव तेवढे बदलले. २०२२ च्या उन्हाळ्यात चार-पाच वर्षांची काही बालके अशी पाहण्यात आली की, मैदान समोर असूनही ती आईचा पदर सोडीत नसत. त्यांच्या मातांचे म्हणणे असे, की ‘याला खेळायची आवडच नाही.’

दुसरे मत भयातून आलेले नसून समाधानातून आलेले होते. ‘दिवसभर घरात पळतच असतो की! आणखी काय व्यायाम?’ हे मत इतके सार्वत्रिक होते की त्याची परीक्षा करणे आम्हांस आवश्यक वाटले. ‘मूल खेळते का?’ असा प्रश्न विचारला तर उत्तर नेहमी ‘हो’ असेच येते. म्हणून आम्ही ‘काल सकाळी उठल्यापासून झोपेपर्यंत काय काय झाले?’ असे क्रमाने विचारू लागलो. मग चित्र पालटे. दूध पिताना मोबाईल, जेवताना मोबाईल, दुपारी कार्टून, सायंकाळी वडिलांची मीटिंग असल्याने ‘शांत बस’, आणि रात्री साडेदहाला सोफ्यावरून दहा-बारा उड्या. या उड्या पालकांच्या लक्षात राहतात, कारण त्या वेळी खालच्या मजल्यावरून फोन येतो. बसून गेलेले सात तास लक्षात राहत नाहीत, कारण त्या तासांत मूल ‘शहाण्यासारखे’ वागत असते. शांत मूल म्हणजे निरोगी मूल, ही समजूत महामारीपूर्वीही होती. घरातूनच कार्यालय चालू लागल्यावर ती गरज बनली. दोन खोल्यांच्या घरात दोघांचे काम चालू असताना मातेने मुलाच्या हाती मोबाईल दिला, तर तिला दोष देण्यात आम्हांस काही अर्थ वाटत नाही.

तिसरे मत सर्वांत फसवे होते, कारण ते प्रत्यक्ष अनुभवावर आधारलेले होते. २०२० च्या पावसाळ्यात अनेक पालकांनी आनंदाने सांगितले की, ‘यंदा बाहेर गेलाच नाही, त्यामुळे एकदाही सर्दी झाली नाही.’ हे खरेच होते. बालवाडी बंद, सोबती नाहीत, तोंडाला मास्क. प्रतिश्याय व कास यांचे बालरुग्ण त्या वर्षी आमच्याकडेही कमी होते. यावरून पालकांनी असा सिद्धांत बांधला की घरात राहणे हेच आरोग्य. पुढे शाळा सुरू होताच तीच बालके महिन्यातून दोनदा सर्दी-खोकल्याने येऊ लागली, तेव्हा पालकांनी दुसरा सिद्धांत बांधला, की ‘याची प्रतिकारशक्तीच कमी झाली,’ आणि औषधाच्या दुकानातील फळीकडे बोट दाखविले. नेहमीच्या संसर्गांशी जी गाठ दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी पडावयाची, ती चौथ्या-पाचव्या वर्षी एकदम पडली, एवढाच त्याचा बव्हंशी अर्थ होता.

अंगणाच्या घरांत व मजूर वस्त्यांत हा प्रश्नच नव्हता. तेथील मुले वाळूच्या ढिगावर, विटांच्या रांगांवरून दिवसभर हिंडत होती. त्यांच्या मातांना खेळाविषयी मत विचारले, तर त्या हसत. त्यांची चिंता आहाराची होती. अंगणवाडीतील गरम आहार बंद होऊन घरी शिधा मिळू लागला आणि तो सर्व कुटुंबात वाटला जाई. तेथे चेष्टा होती, आहार नव्हता. सोसायटीत आहार होता, चेष्टा नव्हती. या विरोधाकडे आपण पुन्हा येणार आहोत.

न्यायाने हेही सांगितले पाहिजे की काही घरांत त्या काळात बालकाचे खेळणे वाढले. सकाळी आठला घर सोडून रात्री परतणारा पिता प्रथमच दिवसभर घरी होता. एका पित्याने दिवाणखान्यातील सर्व सामान भिंतीस लावून फरशीवर खडूने रेघ आखली आणि तीन वर्षांच्या मुलीबरोबर रोज तळ्यात-मळ्यात खेळू लागला. त्या मुलीचे रुग्णपत्रक त्या दोन वर्षांत जवळजवळ कोरे आहे.

‘शास्त्रातच बालकास व्यायाम वर्ज्य आहे ना?’

हा आक्षेप काही सुशिक्षित पालकांनी घेतला, आणि आपल्यापैकी काही वैद्य बंधूंकडूनही आम्ही तो ऐकला आहे. म्हणून त्याचा विचार विस्ताराने करणे प्राप्त आहे. अष्टांगहृदयाच्या दिनचर्याध्यायात वातपित्ताचे रुग्ण, बाल, वृद्ध व अजीर्णी यांनी व्यायाम टाळावा, असे सांगितले आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील सातव्या अध्यायातही व्यायाम वर्ज्य असलेल्यांत बालाचा उल्लेख येतो. दोन संहितांचा आधार असलेला आक्षेप ‘काळ बदलला’ एवढे म्हणून झटकून टाकता येत नाही.

परंतु या निषेधाचा विषय कोणता? व्यायाम ही शास्त्राची पारिभाषिक संज्ञा आहे. स्थैर्य व बल यांसाठी हेतुपुरस्सर केलेली, शरीरास आयास उत्पन्न करणारी चेष्टा म्हणजे व्यायाम. म्हणून तर त्यास अर्धशक्तीची मर्यादा सांगितली, ऋतू सांगितला, आणि हृदयस्थ वायू मुखाकडे येऊ लागणे हे थांबण्याचे लक्षण सांगितले. ही मर्यादा पाळण्यासाठी स्वतःच्या शक्तीचा अंदाज व थांबण्याचे स्वातंत्र्य लागते. बालकास अंदाज नसतो आणि दुसऱ्याच्या आज्ञेने व्यायाम करताना थांबण्याचे स्वातंत्र्यही नसते. निषेधाचे मर्म येथे आहे, असे आमचे मत आहे.

क्रीडेची गोष्ट वेगळी. ज्या संहिता बालकास व्यायाम वर्ज्य सांगतात, त्याच संहिता क्रीडेची सिद्धता करण्यास सांगतात. चरकांनी कुमारागाराच्या वर्णनात खेळण्यांचे गुण दिले आहेत : ती रंगीबेरंगी, आवाज करणारी, मनोहर असावीत, जड नसावीत, अणकुचीदार नसावीत, मुखात शिरतील अशी नसावीत, प्राणघातक नसावीत, भीतिदायक नसावीत. आजच्या कोणत्याही खेळण्यांच्या सुरक्षानियमांत याहून फार वेगळे काही नाही. अष्टांगसंग्रहाच्या उत्तरतंत्रात क्रीडाभूमीचा स्वतंत्र विचार आहे : ती सपाट असावी, शस्त्र, दगड, खडे यांपासून मुक्त असावी, विडंग-मरीचादींच्या किंवा निंबाच्या पाण्याने शिंपडलेली असावी. ज्यास खेळावयाचेच नाही, त्याच्यासाठी भूमी शिंपडण्याचे प्रयोजन काय? आणि महामारीच्या दृष्टीने पाहता, भूमी दूषित होण्याचे भय असताना आचार्यांनी क्रीडा बंद केली नाही, भूमी शुद्ध करण्यास सांगितले, हे विशेष.

बसून राहण्याविषयी तर काश्यपसंहितेचा इशारा स्पष्ट आहे. शिशूस बसविण्याचा विधी सांगताना तो थोडाच वेळ असावा असे म्हटले असून अतिउपवेशनाने कटिदौर्बल्य, पृष्ठभंग, श्रम, ज्वर तसेच मल-मूत्र-वात यांच्या अवरोधाने आध्मान होते, असे सांगितले आहे. जागतिक आरोग्य संघटनेने एप्रिल २०१९ मध्ये, म्हणजे महामारीच्या वर्षभर आधी, पाच वर्षांखालील बालकांसाठी जी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली, त्यांतही बालकास एका वेळी एक तासाहून अधिक काळ गाडीत, खुर्चीत वा पाठीवर जखडून ठेवू नये, असे आहे. एक ते चार वर्षांच्या बालकाने दिवसभरात विखुरलेली किमान १८० मिनिटे हालचाल करावी, तीन-चार वर्षांच्या बालकाच्या बाबतीत त्यांतील ६० मिनिटे मध्यम ते जोरकस असावीत, असे त्यांचे प्रमाण आहे. ‘दिवसभरात विखुरलेली’ या शब्दांकडे आम्ही लक्ष वेधू इच्छितो. हा एका दमात करावयाचा व्यायाम नव्हे. हा क्रीडेचाच स्वभाव आहे.

आता निषेध खरोखर कोठे लागू पडतो, ते पाहू. टाळेबंदीत काही उत्साही पालकांनी चार वर्षांच्या मुलांकडून मोजून चोवीस सूर्यनमस्कार घालून घेतले, पडद्यावरील प्रशिक्षकासमोर कराटेचे तास लावले, आणि मूल कंटाळले असता ‘अजून पाच’ म्हणून रेटले. हा व्यायामच होय आणि तो बालकास वर्ज्य आहे. खेळू न देणारे आणि मोजून घाम गाळायला लावणारे, हे दोन्ही पालक शास्त्राच्या सारखेच विरुद्ध जातात. दुसऱ्या प्रकारच्या पालकांचे कौतुक होते, एवढाच फरक.

बलाचे तीन प्रकार आणि त्यांतील एकाचा अर्धा भाग

सूत्रस्थानातील तिस्रैषणीय अध्यायात बल त्रिविध सांगितले आहे : सहज, कालज आणि युक्तिकृत. यांतील पहिली दोन वैद्याच्या वा पालकाच्या हाती नाहीत. ‘काय द्यावे’ या प्रश्नाचा रोख युक्तिकृत बलाकडे असतो. आणि युक्तिकृत बल हे आहार व चेष्टा या दोहोंच्या योग्य योगातून उत्पन्न होते, असे तेथेच म्हटले आहे. महामारीत पालकांनी यांतील आहाराची बाजू उचलली, तिच्यात औषधांची भर घातली आणि चेष्टेची बाजू कुलूपबंद केली. शारीरस्थानात बलवृद्धिकर भावांची जी गणना आहे, तिच्या अखेरीस कर्म आणि संहर्ष हे दोन भाव येतात. कर्म म्हणजे शरीराची क्रिया, संहर्ष म्हणजे मनाची उल्हसित अवस्था. हे दोन्ही एकाच वेळी, विनामूल्य आणि विनाअनुपान देणारी गोष्ट बालकाच्या बाबतीत क्रीडा हीच आहे.

पुष्य नक्षत्राच्या दिवशी सुवर्णप्राशनासाठी माता मुलांना कडेवर घेऊन येत. साडेतीन-चार वर्षांची मुले, परंतु जमिनीवर पाय टेकू दिला जात नसे. सुवर्णप्राशनास आमचा विरोध नाही. तथापि आहाराचे व औषधाचे परिणमन अग्नीवर अवलंबून आहे, आणि चेष्टाहीन बालकाचा अग्नी कसा असतो, हे त्या काळात प्रत्येक चिकित्सकाने पाहिले आहे : मलावष्टंभ, अरुची, उदरगौरव, रात्री बारापर्यंत जागरण व सकाळी दहापर्यंत निद्रा, चिडचिड. बाल्यावस्था स्वभावतः कफप्रधान. त्यात प्रमेहनिदानात सांगितलेले आस्यासुख व स्वप्नसुख, आणि त्यावर तूप-साखरेचे ‘ताकद देणारे’ पदार्थ. संतर्पणजन्य व्याधींची बीजे पाचव्या वर्षीच पेरली जात होती.

आधुनिक आकडेवारी याच दिशेने जाते, मात्र ती सावधपणे वापरावी. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने सप्टेंबर २०२१ मध्ये दोन ते एकोणीस वर्षे वयाच्या ४ लाख ३२ हजारांहून अधिक मुलांच्या नोंदी प्रसिद्ध केल्या. त्यांत शरीर-वस्तुमान निर्देशांक वाढण्याचा वेग महामारीत जवळजवळ दुप्पट झालेला दिसला. चीनमधील फेईचेंग येथे शालेय मुलांच्या नेत्रतपासणीत २०२० साली सहा ते आठ वर्षे वयोगटात निकटदृष्टी लक्षणीय वाढलेली आढळली. आपल्याकडे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार पाच वर्षांखालील अतिवजनाच्या बालकांचे प्रमाण २०१५-१६ मधील २.१ टक्क्यांवरून २०१९-२१ मध्ये ३.४ टक्क्यांवर गेले. परंतु महाराष्ट्रासह अनेक राज्यांतील पाहणी महामारीपूर्वीच पूर्ण झालेली होती, त्यामुळे हा वाढीचा दोष केवळ टाळेबंदीच्या माथी मारता येणार नाही. अंगणे नाहीशी होण्याची प्रक्रिया आधीच सुरू होती.

पालकाशी बोलताना

जुलै २०२० मध्ये साडेतीन वर्षांच्या एका मुलास आणले होते. मलप्रवृत्ती तिसऱ्या-चौथ्या दिवशी, कष्टाने, भूक नाही, रात्री साडेबारापूर्वी झोप नाही. रात्री भिजविलेल्या काळ्या मनुकांचे पाणी, उदरावर कोमट तीळतेलाचा अभ्यंग आणि सकाळी साडेसहाला गच्चीवर अर्धा तास व सायंकाळी घरात अर्धा तास मोकळी क्रीडा, असे सांगितले. आजोबांचा गच्चीस तीव्र विरोध होता. त्यांच्याशी वाद न घालता ‘त्या वेळी गच्चीवर दुसरे कोण असते?’ एवढेच विचारले. कोणीच नसते, असे उत्तर आले. मग स्वतः आजोबाच नातवास नेऊ लागले. पंधरा दिवसांनी मलप्रवृत्ती रोजची झाली, झोप साडेनऊवर आली. मनुकांचे श्रेय किती व गच्चीचे किती, हे वेगळे काढता येत नाही, कारण दोन्ही एकदम दिली होती. मात्र नंतर मनुका बंद केल्या तरी प्रवृत्ती नियमित राहिली.

या उदाहरणातून आमची पद्धत लक्षात येईल. पालकाचे मत खोडून काढण्याऐवजी त्यामागील भय कोणते आहे, ते विचारावे आणि तेवढ्या भयापुरता उपाय सांगावा. संसर्गाचे भय असेल तर वेळ व जागा सांगावी. खालच्या मजल्याची तक्रार असेल तर जाड सतरंजी किंवा गादी अंथरून तिच्यावर उड्या, आणि शेजाऱ्यांशी ठरवून घेतलेली वेळ. आमच्या ओळखीच्या एका सोसायटीत सायंकाळी सहा ते सात हा ‘आवाजाचा तास’ सर्वांनी मान्य केला होता. दुसऱ्या मुलांच्या स्पर्शाचे भय असेल तर तळ्यात-मळ्यात, लंगडी, चेंडू टप्पा मारून परत पाठविणे असे अंतर राखून होणारे खेळ सांगावेत. पकडापकडी व फुगडी साथ ओसरल्यावर. ‘काय द्यावे’ असे विचारणाऱ्या पालकास आम्ही चिठ्ठीवर औषधाखालीच क्रीडा लिहून देतो : वेळ, जागा, सोबत. तोंडी सांगितलेले विसरले जाते. चिठ्ठीवरील ओळ आजी वाचून दाखविते.

मात्रेविषयी बालकावर विश्वास ठेवावा. मोकळेपणी खेळणारे मूल दमले की स्वतःच बसते, पाणी मागते, पुन्हा उठते. ज्वर, अतिसार, भोजनोत्तर काळ व भर दुपारचे ऊन हे अपवाद पालकास नीट सांगावेत. साथीच्या रोगातून उठलेल्या बालकास लगेच धावू देऊ नये. अग्नी व निद्रा पूर्ववत झाल्यावर क्रमाने वाढवावे. श्वास लागणे, छातीत दुखणे, चक्कर यांपैकी काही आढळल्यास खेळ थांबवून बालरोगतज्ज्ञाकडून तपासणी करून घ्यावी.

पडद्याविषयी भारतीय बालरोग अकादमीने २०२१ मध्ये दिलेली मर्यादा, म्हणजे दोन वर्षांपर्यंत नातलगांशी दृक्‌संभाषण वगळता मुळीच नाही व दोन ते पाच वर्षे दिवसाला कमाल एक तास, सांगण्यास सोपी आहे. परंतु आमचा अनुभव असा की ‘मोबाईल काढून घ्या’ हा उपदेश निष्फळ होतो आणि ‘सायंकाळी सहाला खाली न्या’ हा पाळला जातो. मोबाईल सुटण्यासाठी हातांना दुसरे काहीतरी लागते.

औषधविक्रेते बांधवांसाठी वेगळे लिहावेसे वाटते, कारण साथीच्या काळात पालक वैद्याकडे येण्यापूर्वी त्यांच्याकडे जातो. बालकासाठी च्यवनप्राश किंवा अरविंदासव मागणाऱ्या पालकास वय, भूक व मलप्रवृत्ती यांसोबत ‘मूल खेळते किती?’ एवढा चौथा प्रश्न विचारल्याने विक्री कमी होत नाही. ग्राहक दुसऱ्यांदा त्याच दुकानात येतो, असे आमच्या परिसरातील एका जुन्या औषधविक्रेत्याचे सांगणे आहे. ‘खेळण्याची गरज नाही, हे घेतले की पुरे’ असा अर्थ निघेल असे वाक्य मात्र दुकानातून कधीही जाऊ नये.

आमच्या रुग्णपत्रकात आहार व निद्रा या रकान्यांनंतर आम्ही ‘चेष्टा’ असा रकाना छापून घेतला आहे. कालच्या दिवसाचा क्रमवार हिशेब, खेळण्याची जागा, सोबत कोण, पडद्यासमोरील वेळ आणि ‘बाहेर पाठविण्यास काय अडते?’ या प्रश्नाचे पालकाच्याच शब्दांतील उत्तर, एवढे त्यात लिहितो. भरण्यास तीन-चार मिनिटे लागतात. माता-पिता व आजी असे तिघे आले असतील तर आधी आजीस विचारावे. दिवसभराचा हिशेब बहुधा तिच्याकडेच असतो.